सर कोणाशी बोलून राहिले?



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. रोवण्याची धांदल होती, त्यात नातीचा ऑनलाइन अभ्यासक्रम. ती शिकते आणि मी शेजारी बसून फुकटची मास्तरकी करतो.

अभ्यासक्रमाचे नाव लिहीत नाही. सरांचे व्हिडिओ देखणे आहेत. अंगात कोट, मागे निळा पडदा, पाऊण तास अखंड भाषण. तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आबा, हे सर कोणाशी बोलून राहिले?"

मला उत्तर सुचले नाही. व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचे! हिने काल स्वाध्यायात काय चुकवले, ते त्या सरांना कळणार कसे?

वर्गात आम्ही वह्या तपासायचो आणि दुसऱ्या दिवशी नाव न घेता एखादी चूक फळ्यावर लिहायचो. ज्याची चूक, त्याची मान आपोआप खाली. पण सरांनी आपली वही वाचली, हे त्याला कळायचे. चेहरा दिसतो म्हणून सर वर्गात असतात असे नाही. मीही काही तासांना नुसताच उभा असायचो, कबूल करतो.

म्हणून माझे म्हणणे, धड्याचे व्हिडिओ खुशाल जुने ठेवा, पण दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांचा एक ताजा करा. विद्यार्थी हजार असतील तर दहा उत्तरे निवडा आणि त्यांवर बोला. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्सवरच्या चार अभ्यासक्रमांतले व्हिडिओ ६९ लाख वेळा कसे पाहिले गेले ते तपासले. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारे साधारण सहा मिनिटांच्या आतच थकतात. आणि खर्चिक स्टुडिओपेक्षा साध्या, घरगुती बैठकीतले शिक्षक जास्त वेळ पाहिले जातात.

२०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी, आता तोही शिक्षक आहे, अंगणातून व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर टाकायचा. मागे कोंबडा आरवायचा. पोरे कोंबड्यासकट बघायची, कारण सर त्यांच्याच गणितांबद्दल बोलायचे. ज्यांच्या घरी फोनच नव्हता ती मात्र राहून गेली, हेही खरे.

बाहेरगावच्या नातवंडांनो, तुमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर मीही काल एक व्हिडिओ केला. चार मिनिटांत अकरा वेळा "काय" म्हणालो आहे. पुन्हा करणार होतो, पण नात म्हणते, असाच पाठवा.