धनगराचे कुरण कोणी खाल्ले?

दिवाळी सरली की आमच्या शाळेतले दोन बाक रिकामे पडतात. मेंढक्यांची पोरे वाड्याबरोबर कोकणच्या वाटेला लागतात. "मास्तर, ह्या लोकांना विद्येची गोडीच नाही," असे गावातले शहाणे सांगतात. बाबांनो, मेंढरांचे पोट पाठीशी असता त्यांनी वाट न धरावी तर काय करावे?

बारामती-इंदापूर हा मूळचा कमी पावसाचा माळ. येथल्या गवतावर दख्खनी मेंढी जगली, तिच्या लोकरीवर सनगराचा माग चालला आणि तिच्या लेंडीखतावर कुणब्याची ज्वारी पिकली. वाडा आपल्या शेतात बसावा म्हणून शेतकरी आमंत्रण देई व वर धान्यही देई. नीरेकाठच्या होळचे मल्हारराव होळकर याच धनगर कुळातले.

मग हे कुरण गेले कोठे? १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव करण्याची वाट मोकळी झाली. १८८५ त नीरेचा डावा कालवा आला. पाणी आले हे बरेच झाले, पण माळ उसाखाली गेला. १९८० त उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमाकाठ बुडाला. उरल्या माळास 'पडीक' ठरवून वनखात्याने झाडे लावली व चराई अडविली. गायराने कोणी नांगरली, हे मात्र ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. धान्य देऊन खत घेणारा शेतकरी आज उसनवारी करून युरियाची गोणी आणतो आणि मेंढरे दिसताच काठी उचलतो. लोकरीतून तर कातरणीची मजुरीही सुटत नाही.

२००६ चा वनहक्क कायदा फिरत्या पशुपालकांचा मोसमी चराईचा हक्क मानतो. परंतु आपल्या राज्यात धनगरांची गणना भटक्या जमातींत असल्यामुळे त्यांस तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. ज्याचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याने कागद कोठे जपावा? तरी वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही पुरावा म्हणून चालते, हे पुष्कळांस ठाऊक नाही.

सबब शेतकरी बंधूंनी ग्रामसभेत मेंढक्यांच्या बाजूने उभे राहावे. आणि मेंढक्या बंधूंनो, कोणत्या रानात कोणाचा वाडा बसे, हे सांगणारे म्हातारे आहेत तोवर त्यांना घेऊन या. शाळा सुटल्यावर मी लिहावयास बसतो. उशीर केलात तर साक्ष द्यायला नुसते दगड उरतील.