चिनी फराळ व घरची पंगत

गेल्या आषाढातील गोष्ट. आमचा धाकटा नातू नववीत आहे. केळापुराहून पांढरकवड्यास शिकवणीसाठी तो सायकलीने जातो व दिवेलागणीस परत येतो. त्या आठवड्यात त्यास तीन वेळा उशीर झाला. विचारावे तर 'जादा तास होता' एवढेच उत्तर मिळे. चौथ्या दिवशी सूनबाईंनी धुण्यास घेतलेल्या सदऱ्यावर तांबडा डाग पाहिला. तो हळदीचा नव्हता व शाईचाही नव्हता. चौकशीअंती उलगडा झाला की, जादा तास बसस्थानकाजवळच्या चायनीजच्या गाडीवर भरत असे.

मग घरात जे व्हावयाचे ते झाले. आमचे वडील बंधू संतापले. चातुर्मासात कांदा-लसूण, तोही रस्त्यावर उभे राहून, आणि पदार्थ ज्या देशाशी आपले युद्ध झाले त्या देशाचा! सौभाग्यवतींची शंका अशी की, त्या गाडीवरच्या बश्या कोण धुतो व कोणत्या पाण्याने. चिरंजीवांनी खाऊचे पैसे बंद करण्याचा हुकूम सोडला. सूनबाई मात्र एवढेच म्हणाल्या, "खाल्ले ते खाल्ले. पण हा घरी खोटे का बोलला?" नातू खाली मान घालून उभा होता. निकाल आमच्यावर सोपविण्यात आला. सारा जन्म शाळेत निकाल देण्यात गेला, तरीही आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

मुदत मागण्याचे खरे कारण सांगतो. आम्हीही त्याच वयाचे असताना एका श्रावणात, जगदंबेच्या दर्शनास जातो असे सांगून, एका हॉटेलात कांद्याची भजी खाल्ली होती. घरी आल्यावर विचारणा होताच, देवळातच बसलो होतो, असे सांगितले. ती भजी केव्हाच पचली; ते वाक्य मात्र पचले नाही. पुढे वर्गात सत्यावर बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे ते हटकून आठवे. तेव्हा सूनबाईंचा प्रश्न आम्हांसही लागू होता. मूल खोटे का बोलते? बहुधा खरे बोलण्यास घरात जागा नसते म्हणून.

आपल्या समाजात हा प्रश्न नवा नाही. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेले चहापान वाचकांस ठाऊक असेलच. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेल्या त्या मेळाव्यास न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले असे थोर लोक हजर होते. पुढे त्यांची नावे वृत्तपत्रात छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, व अखेर प्रायश्चित्तेही घ्यावी लागली. हा सारा गहजब एक पेला चहा व दोन बिस्किटे यांवरून! आज ज्या घरांत सोवळे पाळतात, तेथेही दिवस चहाने उजाडतो. आणि या चहाचे मूळ कोणते? वस्तू चीनची व नावही चीनचे. चिनी 'चा' हाच आपला 'चहा'. म्हणजे चिनी वस्तू सकाळ-संध्याकाळ ओट्यावर उकळत असता, तीच गाडीवर दिसताच आपण दचकतो.

असो. निकाल देण्यापूर्वी आरोपी पदार्थाची चौकशी करणे प्राप्त होते. तीत प्रथम हे आढळले की, मंचुरियन नावाच्या पदार्थाचा मांचुरिया प्रांताशी काहीएक संबंध नाही. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात तो प्रथम केला, असे त्यांनीच सांगितलेले आहे. कोणी काही नवे मागितले. त्यांनी आले, लसूण व हिरवी मिरची हे आपलेच वाटण घेतले, आणि गरम मसाल्याऐवजी सोयाबीनचा काळा रस व मक्याचे पीठ घातले. मूळ पदार्थ कोंबडीचा होता. गाडीपर्यंत येता येता त्याचे पानकोबीचे गोळे झाले. तात्पर्य, आमच्या बंधूंनी ज्यास शत्रूचे अन्न म्हटले, ते मुंबईत जन्मलेले आहे.

खरा चिनी फराळ निराळा. तो आम्ही कलकत्त्यास पाहिला. काही वर्षांपूर्वी गयेचे श्राद्ध आटोपून आम्ही तिकडे गेलो होतो. लालबाजारानजीक टिरेट्टा बाजार म्हणून वस्ती आहे. तेथे उजाडण्याच्या सुमारास रस्त्याच्या कडेला चिनी कुटुंबे वाफेची भांडी मांडून बसतात, आणि ऊन चढण्यापूर्वी आवरूनही जातात. झाकण उघडले की वाफेचा लोट निघतो व आत पांढऱ्या पुरचुंड्या दिसतात. बऱ्याच पदार्थांत मांस असते, म्हणून आम्ही केवळ चहा घेऊन उभे राहिलो. परंतु एका वृद्ध बाईंची बोटे पाहत राहिलो. पारीच्या कडेस त्या ज्या चपळाईने चुण्या पाडीत होत्या, ती चपळाई आम्ही पूर्वी एकाच ठिकाणी पाहिली होती. गणेशचतुर्थीस आमच्या मातोश्रींच्या हातांत.

त्या वस्तीत आता थोडीच चिनी घरे उरली आहेत. १९६२ च्या युद्धात सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांस, त्यांत येथेच जन्मलेलेही होते, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. पुढे कित्येक देश सोडून गेले. बंधूंस हे सांगितले, आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचीही आठवण दिली. ते १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथील जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. सीमेवरचे भांडण सरकारांनी पाहावे. पुरचुंडीवर त्याचा राग काढण्यात अर्थ नाही. बंधू यावर काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे अर्धी संमती, हे घरात सर्वांस माहीत आहे.

या फराळास दक्षिण चीनमधील कॅण्टनकडे 'डिमसम' म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर 'हृदयास स्पर्श करणारे' असा काहीसा होतो. हा जेवणाचा नव्हे, चहाबरोबरचा प्रकार होय. तिकडचे लोक 'डिमसम खावयास चला' म्हणण्याऐवजी 'चहा प्यावयास चला' असेच म्हणतात. बांबूच्या लहान करंड्यांत तीन-चार नग येतात व मधे ठेवून सर्वजण वाटून खातात. आजा, मुलगा, सून, नातवंडे अशी तीन पिढ्यांची माणसे सुटीच्या सकाळी एका वाटोळ्या मेजाभोवती बसतात. धाकट्याने वडीलधाऱ्यांच्या पेल्यात आधी चहा ओतावयाचा. ज्याच्या पेल्यात ओतला त्याने दोन बोटांनी मेजावर हलकेच टिचक्या मारावयाच्या, की झाला आभार. हे वाचले तेव्हा आम्हांस वाटले, आपल्या एकत्र कुटुंबास हा रिवाज समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

पदार्थाचे म्हणाल तर तोही शेजारचाच. तांदळाच्या उकडीचा मोदक, नागपंचमीची पुरणाची दिंडे, आपल्या वऱ्हाडातील तुरीच्या भरड्या डाळीचे फुणके, ही सारी वाफेचीच संतती आहे. गाड्यांवर हल्ली जो मोमो मिळतो तो तिबेटी लोकांचा. तिबेटी आपणांस परके नाहीत. हिवाळ्यात लोकरी कपडे विकावयास ते विदर्भातील गावोगाव येतात. आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून त्यांची वसाहतच आहे.

आता दुसरी बाजू. गाडीवरचे सारे निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु भय कोठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. लोक सर्वाधिक भितात ते अजिनोमोटोस. हा क्षार जपानातील रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ साली समुद्रातील शेवाळापासून प्रथम वेगळा केला. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पत्रामुळे त्यावर संशय आला. पुढील काळजीपूर्वक प्रयोगांत बेताच्या प्रमाणात तो अपायकारक असल्याचे सिद्ध झाले नाही. खरी भये निराळी आहेत. पहिले तेलाचे. दिवसभर तेच तेल तापवून काळे व दाट झाले की ते टाकूनच दिले पाहिजे. दुसरे रंगाचे. गोळे जितके लालभडक तितके संशयास्पद. २०२४ साली कर्नाटक सरकारने फुलकोबीच्या मंचुरियनमध्ये वापरल्या जाणाऱ्या ऱ्होडामाइन नावाच्या कापड रंगविण्याच्या रंगावर बंदी घातली, व गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही त्याच साली या पदार्थाच्या गाड्यांविरुद्ध पाऊल उचलले. तिसरे भय भाताचे, आणि ते फार थोड्यांस ठाऊक असते. शिजलेला भात तासन् तास उघड्यावर कोमट राहिला की त्यात एक प्रकारचे जंतू वाढून विष तयार करतात. तो भात पुन्हा कढईत परतला तरी ते विष जात नाही. सकाळी शिजवून संध्याकाळी परतलेला 'फ्राइड राइस' म्हणून टाळावा. चौथे भय पाण्याचे व कच्च्या चटणीचे. यांच्या तुलनेत डोळ्यांदेखत उकळत्या वाफेतून काढलेला मोमो पुष्कळ सुरक्षित होय.

एवढे झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही नातवास म्हटले, "चल, तुझा जादा तास आम्हांस दाखव." तो बिचकला, पण आला. पांढरकवडा नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर असल्याने रस्त्यावरून जे जाते त्यातले थोडे गावात उतरते. आधी चहाची दुकाने आली, मग दक्षिणेकडील इडली-दोसा, आणि आता या गाड्या. आम्ही नातवाबरोबर चार गाड्या पाहिल्या. वर्गात वह्या तपासाव्यात तसे तेल, रंग, पाणी व झाकण पाहावयाचे, असे ठरविले. पहिल्या तीन नापास झाल्या. नातू ज्या गाडीवर जात असे ती त्यांतच होती, आणि हे त्याच्याच तोंडून निघाले. आम्ही काही बोललो नाही. चौथी गाडी मोमोची. नागपुरास काम शिकून आलेला एक तरुण ती चालवितो. पिण्याचे पाणी झाकलेले, हात धुण्यास वेगळी बादली. आम्ही त्यास कांद्यावाचून काही आहे काय विचारले. तो म्हणाला, "काका, पनीरचे आहेत. चटणीत लसूण आहे, ती घेऊ नका." साठ रुपयांत सहा नग आले. आम्ही दोन खाल्ले. पारी जाड होती. आमच्या घरी तशी चालली नसती. बाकी उत्तम.

परतताना नातू आपणहून म्हणाला, "आजोबा, मी खोटे बोललो, ते चुकले." आम्ही त्यास श्रावणातल्या भज्यांची हकीकत सांगितली. पन्नास वर्षांनी ती प्रथमच कोणास सांगत होतो.

नागपंचमीस घरी दिंडे झाली. त्या दिवशी चिरणे, तळणे, तवा ठेवणे वर्ज्य. म्हणून सारे वाफेवर. पान वाढताच नातू ओरडला, "हे तर गोड मोमो!" सगळे हसले. मग पुढल्या रविवारी घरीच मोमो करावेत, असा ठराव मुलांनी मांडला. येथे सूनबाईंनी जो आक्षेप घेतला तो आम्हांस विचार करण्यासारखा वाटला. त्या म्हणाल्या, "बाहेरचे बंद करून घरचे सुरू करा म्हणणे सोपे आहे. अकरा माणसांच्या पाऱ्या कोण लाटणार? मुले गाडीवर जातात ते निदान माझे काम वाचते." आजवर बाहेरच्या खाण्यावर आम्ही बरेच ऐकले व बोललो, परंतु घरच्या शुद्ध अन्नामागे कोणाचे हात राबतात, हे त्यात कधी आले नव्हते.

म्हणून ठराव दुरुस्त झाला. जो खाणार त्याने लाटले पाहिजे. रविवारी पानकोबी व गाजर नातवाने किसले; मीठ लावून पाणी पिळून काढले, नाहीतर पारी फुटते. आले, मिरे, सांबार एवढाच मसाला. कणीक व मैदा निम्मे घेऊन घट्ट भिजविले व अर्धा तास झाकून ठेवले. चिरंजीवांनी लाटले, आम्ही भरले, सौभाग्यवतींनी चुण्या शिकविल्या. मोदकपात्रात दहा-बारा मिनिटे वाफ दिली. आमच्या हातचे अर्धे फुटले. सूनबाई खुर्चीवर बसून पाहत होत्या व चुका काढीत होत्या. तो त्यांचा हक्क होता. नातवाचे तीन मित्रही पंगतीस होते. बंधूंनी मोमोस हात लावला नाही, परंतु पाट मांडून शेजारी बसले. नातवाने आधी त्यांच्या पेल्यात चहा ओतला. चिनी रिवाज त्याने ऐकलेला होता, म्हणून तो वाट पाहत राहिला. बंधूंनी त्याच्याकडे पाहिले, आणि पाटाच्या कडेवर दोन बोटांनी हलकेच टिचक्या मारल्या.

वाचकांस आमचे सांगणे एवढेच. मुले बाहेर खाणारच. आपण खाल्ले, आपल्या वडिलांनीही खाल्ले असेल. त्यांस गाडी पारखावयास शिकवावे, एकदा त्यांच्याबरोबर जावे, आणि घरी आल्यावर खरे सांगता येईल असे करावे. आमचा नातू अद्यापि महिन्यातून एक-दोनदा त्या चौथ्या गाडीवर जातो. निघण्यापूर्वी सांगून जातो.