विम्याची सक्ती आणि हंगामी मजूर

महाराष्ट्रातील प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांचे आरोग्य संरक्षण मिळाले, असे शासन सांगते तेव्हा ते कागदोपत्री खोटे नसते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अटही उरली नाही. परभणीसह चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना तर त्यापूर्वीच तीत स्थान होते. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याची आणि शस्त्रक्रियेची आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, चार दिवसांचा ताप आणि त्यापायी बुडालेली मजुरी तिच्या कक्षेबाहेर राहते. आणि शेतमजुराचे घर कर्जात लोटायला बहुधा एवढेच पुरेसे होते.

या उणिवेवरचा उपाय आपल्याकडे नवा नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी सक्तीचा आजार-विमा आणला. आपण १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा केला. मालकाने वेतनाच्या सव्वातीन टक्के, कामगाराने पाऊण टक्का भरावा आणि त्याबदल्यात कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचार, औषधे व कामगाराला आजारपणात वेतनाचा काही भाग मिळावा, अशी ही व्यवस्था आहे. दानापेक्षा हक्काचे स्वरूप तिला अधिक आहे.

मग परभणीला तिचा लाभ किती? येथे कायद्याची व्याख्याच आडवी येते. या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या यादीत सरकी काढणे, रुईच्या गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर व गूळ हे उद्योग नावानिशी घातले. मानवत, सेलू, परभणी येथील जिनिंग-प्रेसिंग आणि गंगाखेड परिसरातील साखर आठवून पाहा: जिल्ह्याचे बहुतेक जुने उद्योग या एका यादीत मावतात! नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुना कायदा पोटात घेतला, पण ही वगळणूक मात्र जशीच्या तशी ठेवली.

जिनिंग व्यवसायाचा नफा बेताचा असतो, हा मालकांचा युक्तिवाद निराधार नाही. तथापि चारशे रुपये रोज धरला तर मालकाचा वाटा तेरा रुपयांचा होतो. तेवढ्याने धंदा बुडत असेल तर तो मजुराच्या प्रकृतीवर चालला आहे असेच म्हणावे लागेल. खरी अडचण निराळी आहे. हंगाम संपला की वर्गणी थांबते आणि वर्गणीबरोबर हक्कही. म्हणून केवळ वगळणूक रद्द करून भागणार नाही. हंगामातील वर्गणीवर वर्षभराचा वैद्यकीय हक्क मिळाला पाहिजे आणि रिकाम्या महिन्यांचा भार शासनाने उचलला पाहिजे. मुकादमामार्फत आलेला मजूर हा कारखान्याचाच मजूर, हेही निःसंदिग्धपणे लिहावे लागेल. नाहीतर हजेरीपटावर दहा नावेही दिसणार नाहीत.

परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या बाह्यरुग्ण विभागाची सांगड विमा महामंडळाशी घालता येईल. नवे दवाखाने बांधण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. संहितेतील व्याख्या बदलण्याची मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी त्यापूर्वी संसदेत मांडावी.