कुंडीतली देवघेव

पावसाळ्यातील एखाद्या रात्री नऊच्या सुमारास शेजारचे दार वाजते आणि निरोप येतो, ‘आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलतंय, या बघायला.’ मग जिन्यातली चार-पाच बिऱ्हाडे एका गॅलरीत जमतात. फुलाला हळदकुंकू वाहिले जाते, कॉफी होते आणि निघताना कुणी तरी हमखास म्हणते, ‘वहिनी, एक पान द्या ना आम्हालाही.’ पान मिळते, मातीत खोचले जाते आणि दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या जिन्यात तसेच निमंत्रण जाते.

खरे तर हे ब्रह्मकमळ नव्हेच. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवते. आपल्या कुंडीतले झाड निवडुंगाच्या कुळातले, मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले, आणि ज्याला आपण पान म्हणतो तो त्याचा चपटा झालेला दांडा असतो. पण महाराष्ट्रात ते गावोगावी पोचले ते बहुतांशी या हातातून त्या हातात. सरकारी योजना नाही, जाहिरात नाही, पैशाचा व्यवहारही नाही.

ही जुनी देवघेव गेल्या पाच-सहा वर्षांत एकदम बदलली आहे. २०२०च्या टाळेबंदीत माणसे घरात अडकली आणि खिडकीतल्या कुंडीकडे वळली. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, होया, अँथुरियम ही नावे मध्यमवर्गीय घरांत रुळली. शौकिनांचे गट झाले, फोनवरून फोटो फिरू लागले, ‘माझ्याकडची ही फांदी घ्या, तुमच्याकडची ती द्या’ असे सौदे ठरू लागले आणि ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या फांद्या कुरियरने या शहरातून त्या शहरात जाऊ लागल्या. वरवर पाहता हा निरुपद्रवी छंद. पण त्याच्याभोवती आज पैसा, फसवणूक, रोगराई, तस्करी आणि कायदा असे बरेच काही गोळा झाले आहे. म्हणूनच या फांदीचा थोडा गंभीरपणे विचार करायला हवा.

एका फांदीतून जग

बी पेरून येणारे रोप हे आईबापांपेक्षा थोडे वेगळे असते. फांदीपासून आलेले रोप मात्र मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. पेरापाशी कापलेली फांदी पाण्यात वा ओलसर मातीत ठेवली की त्या पेरातून मुळ्या फुटतात. आपल्या परिचयाच्या मनी प्लांटचेच पाहा. पॅसिफिक महासागरातील मोओरिया बेटावरची ही वेल. तिला फूल जवळजवळ कधीच येत नाही. फुलोऱ्यासाठी लागणारे एक संप्रेरक बनवणारे जनुकच तिच्यात नीट काम करीत नाही, असे २०१६मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. फूल नाही, म्हणून बी नाही. म्हणजे आज जगभरच्या बाटल्यांतून आणि कुंड्यांतून वाढणारा मनी प्लांट हा माणसांनी एकमेकांना दिलेल्या (आणि ‘चोरून आणलेलाच लागतो’ या समजुतीपायी पळवलेल्या) फांद्यांचाच विस्तार आहे.

दुसरी हकीकत याहून रंजक आहे. पिलिया पेपेरोमिऑइडिस या गोल पानांच्या झाडाचे नमुने जॉर्ज फॉरेस्ट या संग्राहकाने चीनच्या युन्नान प्रांतातून १९०६ व १९१०मध्ये गोळा केले होते. १९१२मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरणही झाले. पुढे शास्त्रज्ञांच्या लेखी ते कपाटातल्या वाळक्या नमुन्यापुरतेच उरले. महायुद्धाच्या धामधुमीत आग्नार एस्पेग्रेन या नॉर्वेजियन मिशनऱ्याने चीन सोडताना या झाडाचे रोप बरोबर घेतले, काही काळ भारतात काढला आणि १९४६मध्ये तो ते घेऊन नॉर्वेला पोचला. तिथे त्याने त्याची पिल्ले मित्रांना वाटली, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत स्कँडिनेव्हियाच्या आणि नंतर इंग्लंडच्या खिडक्यांत हे झाड पसरले. त्याचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. लोक पाने घेऊन लंडनच्या क्यू उद्यानाकडे विचारणा करू लागले तेव्हा तज्ज्ञही चक्रावले. ओळख पटल्यावरही झाड आले कुठून, हे शोधण्यासाठी वर्तमानपत्रातून आणि स्वीडनच्या दूरचित्रवाणीवरून चौकशी करावी लागली, तेव्हा कुठे धागा त्या मिशनऱ्यापर्यंत पोचला.

या हकीकतीत फांदीच्या देवघेवीचे बळही आहे आणि तिचा दुबळेपणाही. फांदी हातोहात जगभर जाऊ शकते. पण तिच्याबरोबरची माहिती दोन-तीन हातांतच गळून पडते. आजचे बहुतेक प्रश्न या गळून पडलेल्या माहितीतून निर्माण झाले आहेत.

चौदा लाखांची नऊ पाने

न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट २०२०मध्ये राफिडोफोरा टेट्रास्पर्मा या वेलीचे पांढऱ्या चट्ट्यांचे एक रोप लिलावात ८,१५० न्यूझीलंड डॉलरना गेले. लोकांनी तोंडात बोटे घातली. जून २०२१मध्ये त्याच जातीचे नऊ पानांचे रोप २७,१०० डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे चौदा लाख रुपयांना विकले गेले.

या किमतीमागचे गणित सोपे आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे असे झाड सावकाश वाढते. हा गुण सहसा बियांतून उतरत नाही, फांदीतूनच मिळतो. वर्षाकाठी एका झाडाच्या जेमतेम दोन-चार फांद्या निघणार आणि मागणारे हजार. तुटवडा आला की भाव आला आणि भाव आला की गुंतवणूकदार आला. ज्याने आयुष्यात तुळशीला पाणी घातले नव्हते तोही ‘एक पान घ्या, सहा महिन्यांत दाम दुप्पट’ या हिशेबाने छंदात उतरला. फसवणूकही सुरू झाली. गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन ‘पिंक काँगो’ म्हणून बराच गाजला. पण तो गुलाबी रंग रसायनाच्या प्रक्रियेने आणलेला होता. काही महिन्यांत नवी पाने हिरवीगार येऊ लागली आणि घेणाऱ्याच्या हाती साधे झाड उरले.

हा फुगा टिकणे शक्यच नव्हते. केळीच्या बागायतदारांना टिश्यू कल्चर नवे नाही. प्रयोगशाळेत पेशींच्या बारीकशा तुकड्यापासून हजारो एकसारखी रोपे तयार होतात. हेच तंत्र शोभेच्या झाडांना लागू झाले आणि थायलंडच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या ‘थाई कॉन्स्टेलेशन’ या मॉन्स्टेराची रोपे ठोकाने बाजारात आली. एके काळी महिन्याच्या पगाराची किंमत असलेली झाडे सामान्य नर्सरीत दिसू लागली. गुंतवणूक म्हणून फांद्या घेणारे बुडाले. शौकिनाचे मात्र काहीच बुडाले नाही, कारण त्याने झाड पाहण्यासाठी घेतले होते. किंमत उतरली तरी पान तेवढेच देखणे राहते.

फांदीबरोबर येणारे पाहुणे

दुसरा प्रश्न पैशापेक्षा गंभीर आहे. एका परिचितांनी प्रेमाने दिलेली जास्वंदीची फांदी मी घरच्या कुंड्यांच्या रांगेत लावली. महिनाभरात पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. तो पिठ्या ढेकूण होता. त्याने अख्खी रांग पकडली, साबणाचे पाणी आणि कडुनिंबाचे तेल फवारता फवारता पावसाळा गेला आणि तीन कुंड्या टाकून द्याव्या लागल्या. परिचितांचा दोष नव्हता. त्यांनाही तो दिसला नव्हता आणि मीही फांदी नीट पाहिली नव्हती.

घरापुरते हे नुकसान किरकोळ म्हणायचे, पण हीच गोष्ट शेतीपर्यंत पोचते तेव्हा? पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८मध्ये तामिळनाडूत आढळला आणि दोनच वर्षांत महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांत पोचला. ही कीड जास्वंदीवरही सुखाने राहते. अमेरिकेतील उदाहरण तर आपल्या मंडळींच्या अगदी जवळचे आहे. विदर्भातील संत्रा बागायतदार ज्याला ‘ग्रीनिंग’ म्हणून ओळखतात, त्या रोगाने फ्लोरिडातील संत्र्याचा धंदा २००५पासून जवळजवळ बसवला. कॅलिफोर्नियात तो प्रथम २०१२मध्ये आढळला, तो एखाद्या मोठ्या बागेत नव्हे. लॉस एंजेलिसजवळच्या एका घराच्या परसात, हौसेने वेगवेगळी कलमे बांधलेल्या लिंबाच्या झाडावर. हा रोग पसरवणारी सायला कीड कढीपत्त्यावरही वाढते. त्यामुळे आपल्या तिथल्या मराठी घरांतून होणाऱ्या कढीपत्त्याच्या रोपांच्या देवघेवीवरही निर्बंध आहेत. ‘एवढ्याशा कढीपत्त्याला काय होतंय?’ असे म्हणणाऱ्याने संत्रेवाल्या शेतकऱ्याचा विचार करावा.

आपल्याकडेही २००३च्या वनस्पती आयात आदेशानुसार परदेशातून रोप वा फांदी आणायची तर आधी परवाना, तिथल्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र आणि इथली तपासणी आवश्यक आहे. बॅगेत साडीच्या घडीत लपवून आणलेली फांदी हा कौतुकाचा विषय नाही. मुळा-मुठेवर आणि रंकाळ्यावर पसरलेली जलपर्णीही या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुंदर फुलांची म्हणूनच आणली गेली होती, हे विसरता येणार नाही.

कड्यावरची माकुडी

तिसरा प्रश्न मुळाशी जातो. फांदी आली ते पहिले झाड कुठून आले? दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम नावाच्या खड्यासारख्या दिसणाऱ्या इवल्या वनस्पती शौकिनांसाठी डोंगरावरून उपटल्या जात आहेत. २०१९पासून दहा लाखांहून अधिक रसाळ वनस्पती तिथे जप्त झाल्या आहेत. फिलिपीन्समध्ये २०२०च्या झाडांच्या लाटेत जंगलातून झाडे उचलू नका, असे सरकारला बजावावे लागले. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय कराराखालील प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली. मेघालयातील घटपर्णीसारख्या वनस्पतींना तर आधीपासूनच संरक्षण आहे.

पण या बाबतीत फांदीची देवघेव हा उपायही ठरू शकतो. सह्याद्रीत जुन्नर ते साताऱ्याच्या पट्ट्यातील मोजक्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती उगवते. मांसल खोड आणि गडद तांबड्या, चांदणीसारख्या फुलांवर पिवळसर ठिपके. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव मिळाले. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात सापडत नाही. पण तिची फांदी सहज मूळ धरते. त्यामुळे कड्यांवर दुर्मीळ असलेली ही माकुडी युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांच्या काचघरांत सुखाने वाढते आहे. कुंडीतल्या झाडाची फांदी सहज मिळत असेल तर कड्यावर चढून झाड उपटण्याचे कारणच उरत नाही. फक्त फांदी देणाऱ्याने ती कुंडीतली आहे की कड्यावरची, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

फांदी कोणाची?

शेवटी मालकीचा प्रश्न. अमेरिकेत १९३०च्या कायद्याने फांदीवर वाढणाऱ्या नव्या जातींना पेटंट मिळू लागले. अशा झाडाची फांदी लावून दुसरे रोप करायला तिथे मालकाची परवानगी लागते. आपल्या पेटंट कायद्याने झाडांना पेटंट नाकारले आहे. २००१च्या कायद्याने नव्या वाणाच्या निर्मात्याला हक्क दिले. पण शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, वाटण्याचा व देवघेवीचा हक्कही त्यातच लिहून ठेवला, नाममुद्रेखाली विकण्याचा तेवढा अपवाद केला. देवघेव हा हक्क असू शकतो, हे आपल्या कायद्याने मान्य केले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

हक्काबरोबर थोडी जबाबदारीही येते, आणि ती मोठी नाही. फांदी देताना एक चिठ्ठी जोडावी. झाडाचे नाव, ते कोणाकडून आले, कधी लावले, कीड पडली होती का, एवढेच. घेणाऱ्याने नवी फांदी दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी, पाने उलटून पाहावीत. जिची हकीकत सांगता येत नाही अशी दुर्मीळ वनस्पती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. आणि फाजील भाव सांगणाऱ्याला, ‘थांबतो, दोन वर्षांनी घेईन,’ असे म्हणण्याचा संयम ठेवावा.

आपल्या आज्या हे न शिकता करीत होत्या. ‘ही जाई कोकणातल्या मावशीकडची, मृगाच्या पावसात लावलेली; पाणी बेतानं घाल,’ असे सांगितल्याशिवाय त्यांच्या हातून फांदी सुटत नसे. नाव, गाव, काळ आणि काळजी, सारे त्या एका वाक्यात येई. बाजारात झाड मिळेल, कदाचित अधिक निरोगीही मिळेल. पण ते वाक्य मिळणार नाही. पुढच्या वेळी ब्रह्मकमळ फुलेल आणि शेजारीण पान मागेल, तेव्हा पानाबरोबर ते वाक्यही द्यावे.