आधी पाणी तपासा, मग खाणीचं बोला

गावोगावच्या आया-बायांनो, भावांनो,

खाणीचा विषय निघाला की साहेब लोक रोजगाराचे आकडे सांगतात. पाण्याचं विचारलं की हसतात. म्हणतात, "धातूचा त्रास उंदरांना झाला. तुम्ही काय उंदीर आहात?"

नाही साहेब, आम्ही माणसं आहोत. म्हणूनच विचारतो.

1956 साली प्रागच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कॅडमियमच्या क्षारानं नर उंदराचं अंड निकामी होतं. आपल्या देशात लखनौच्या सरकारी संशोधन केंद्रानं माद्यांना गाभण राहण्याआधी 20 दिवस क्रोमियम घातलेलं पाणी पाजलं. पिल्लं कमी झाली, बरीच पोटातच जिरली. सगळ्यात जास्त पाजलं त्यांना गर्भच धरला नाही.

मात्रा मोठी होती, हे आम्ही लपवत नाही. पण उंदराला किती पाजलं, किती दिवस, याची वही होती. आमच्या ओढ्याची वही कोण ठेवतं?

ओडिशातलं सुकिंदा खोरं बघा. देशातलं बहुतेक क्रोमाइट तिथलं. उघड्या खाणी, उपसलेल्या मातीचे डोंगर आणि पाऊस पडला की सगळं दमसाला नाल्यात. तिथल्या पाण्यात विषारी क्रोमियम सापडलं. आपलेच आदिवासी भाऊबंद त्या काठाला राहतात.

आपल्याकडं गर्भ पडला की दोष बाईचा. तिला वांझ म्हणायचं, भगताकडं न्यायचं, नाहीतर कुणा म्हातारीवर डाकीण म्हणून आळ घ्यायचा. प्रागच्या उंदरांनी सांगितलंय, बिघाड नरातही होतो. प्रत्येक गर्भ धातूनंच पडतो, असं आम्ही म्हणत नाही. उपासमार आहे, हिवताप आहे, दिवस भरेपर्यंत मजुरी आहे. अशा अंगावर आणखी विष कशाला?

"माणसावर सिद्ध करा," म्हणतात. म्हणजे आधी आमच्या पोरी पाणी पिणार, त्यांची पोटं रिकामी होणार, मग तुमचा पुरावा पुरा होणार! हा प्रयोग आम्हाला मंजूर नाही. पाणी निर्धोक राहील, याचा पुरावा खाणवाल्यानं द्यायचा.

आमचं मागणं सरळ आहे. खाणीआधी प्रत्येक विहीर, झरा, ओढा तपासा. खाण चालली तर दर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा. आकडे मराठीत लिहून ग्रामसभेत वाचा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम नको, हा नियम सरकारचाच आहे.

वनहक्क कायदा 2006, कलम 5 नीट वाचा. पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो कुणी दान दिलेला नाही, लढून घेतलाय.

जनसुनावणीला बाया पुढं बसतील. ओढ्याचं पाणी बाटलीत भरून आणा. साहेबांच्या टेबलावर ठेवा. म्हणा, आधी हे तपासा, मग बोलू.

जंगल-जमीन-पाणी आमचं! जिंदाबाद!