विश्लेषण : बसण्याचा हक्क मिळाला, उठण्याचे काय?

तिरुवैयारु (तमिळनाडू) : संत त्यागराजांच्या समाधीमुळे ख्यातकीर्त झालेले कावेरीकाठचे हे नगर तंजावर जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाणही आहे. भातशेतीच्या या पट्ट्यात, देशातील असंख्य लहान नगरांप्रमाणेच, शेतातील कष्टांकडून टेबल-खुर्चीच्या नोकरीकडे होणारे संक्रमण प्रतिष्ठेचे मानले जाते. त्या प्रतिष्ठेची शारीरिक किंमत मात्र धोरणकर्त्यांच्या हिशेबात अजून पुरेशी आलेली नाही.

कामगाराच्या देहस्थितीचा विचार कायद्याने करावा, हे तत्त्व तमिळनाडूने मान्य केले आहे. दुकाने व आस्थापनांत दिवसभर उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आसनव्यवस्था अनिवार्य करणारी दुरुस्ती राज्याने २०२१ मध्ये केली. केरळने असे पाऊल २०१८ मध्येच उचलले होते. त्यामागे वस्त्रदालनांतील महिला कामगारांचा लढा होता. मात्र ज्यांना बसल्या जागेवरून उठण्याची उसंत मिळत नाही, त्यांच्यासाठी या दुरुस्तीत काही नाही.

वरवर हे दोन प्रश्न परस्परविरोधी भासतात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. दीर्घकाळ उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात, तर दीर्घकाळ बसल्याने स्नायूंकडून साखरेचा वापर मंदावतो. अपाय होतो तो एकाच स्थितीत खिळून राहण्याने. त्यामुळे खुर्ची काढून उंच टेबल देणे हा उपाय अपुराच ठरतो.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. महिलांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दिसून आले. तमिळनाडूत हे प्रमाण १४.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. मधुमेहाला आहार, आनुवंशिकता अशी अन्य कारणेही आहेत. तथापि, हालचालीचा अभाव हे त्यांतील टाळता येण्याजोगे कारण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. १० लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या २०१६ मधील एका विश्लेषणाने मात्र इशारा दिला, की दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांना त्यातून उद्भवणारा वाढीव धोका पुसून काढण्यासाठी रोज ६० ते ७५ मिनिटांच्या हालचालीची गरज असते. म्हणजेच सकाळच्या अर्ध्या तासाच्या फेरफटक्याने दिवसभराच्या बैठकीची पुरती भरपाई होईलच असे नाही.

शासकीय प्रयत्न झाले, पण त्यांचा रोख कामाच्या वेळेबाहेर राहिला. तमिळनाडूने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत आठ किलोमीटरचे आरोग्य पदपथ निश्चित केले. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु जिल्ह्यातील एखादा मार्ग तालुक्याच्या गावी कचेरीत बसणाऱ्याच्या नित्य उपयोगाचा ठरणे कठीण. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कार्यालयांसाठी पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ आखला. तो कामाच्या वेळेतच बसणारा असला, तरी ते आवाहन आहे, बंधन नव्हे.

महाराष्ट्रात तर वारे उलट दिशेने वाहत आहेत. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील दैनंदिन नऊ तासांची मर्यादा दहावर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. गुंतवणूक व रोजगाराचे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. कामाचा दिवस लांबणार असेल, तर त्यातील विश्रांतीची फेरआखणीही त्याच वेळी व्हायला हवी.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-चार मिनिटे चालण्याची मुभा, उभ्याने वा चालत घेतलेल्या छोट्या बैठका, वापरण्याजोगे जिने आणि जागेवर नसलेल्या कर्मचाऱ्याला कामचुकार न ठरवणारे वरिष्ठ, एवढे पुरे आहे. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. कारण आपल्या कार्यालयांत निष्ठेचे मोजमाप आजही बैठकीच्या तासांवरून होते. दक्षिणेतील विक्रेत्यांना खुर्ची मिळवून देण्यासाठी कायदा लागला. खुर्चीवरून उठण्याची मुभाही केवळ सदिच्छेवर सोडून मिळण्याची शक्यता कमीच आहे.