स्वभावाचे कारण केव्हा सांगावे?

सीक्वेल, म्हणजे आधीच्या यशस्वी चित्रपटाची कथा पुढे नेणारा चित्रपट, लिहायला घेताना पटकथालेखकासमोर पहिला प्रश्न असतो तो मूळ चित्रपटातले नेमके काय पुढे न्यायचे हा. आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा नट, नाव आणि प्रेक्षकांच्या तोंडी बसलेला एखादा शब्द यांपाशीच थांबते. सुरेंदर रेड्डी यांचे ‘किक’ (२००९) आणि ‘किक २’ (२०१५) हे तेलुगू चित्रपट या दृष्टीने शेजारी ठेवून अभ्यासण्यासारखे आहेत, कारण दिग्दर्शकाबरोबरच कथालेखक वक्कंतम वंशी, संगीतकार एस. तमन आणि नायक रवी तेजा ही मंडळी दोन्हीकडे तीच असूनही दुसरा चित्रपट पहिल्याच्या जवळपासही पोहोचला नाही.

‘किक’चा नायक कल्याण केवळ थरारासाठी नोकऱ्या धरतो नि सोडतो, लोकांच्या खोड्या काढतो आणि या हव्यासापायी नैनाचे प्रेमही गमावतो. पुढे मलेशियात नैना आपल्या दुरावलेल्या प्रियकराविषयी सांगते, तर तिच्यासाठी स्थळ म्हणून आलेला पोलीस अधिकारी आपल्याला हुलकावणी देणाऱ्या चोराविषयी सांगतो. हे दोघे एकाच माणसाविषयी बोलत आहेत हे प्रेक्षकाला त्यांच्याआधी उमगते, पण तो चोरी का करतो हे मात्र प्रेक्षकापासूनही लपवलेले असते. आजारी मुलांच्या उपचारांसाठी पैसा उभारणे हे ते कारण उघड झाल्यावर आधीच्या हास्यप्रसंगांना मागाहून अर्थ येतो. पुढे उगवणाऱ्या गोष्टीचे बीज आधीच्या प्रसंगात नकळत टाकून ठेवण्याला पेरणी म्हटले, तर इथे पेरणीचे काम विनोदानेच केलेले आहे, आणि हेच या पटकथेचे खरे बळ आहे. तमिळमध्ये ‘तिल्लालंगडी’ (२०१०) आणि हिंदीत साजिद नाडियादवाला यांचा सलमान खान अभिनीत ‘किक’ (२०१४) अशी तिची रूपांतरे झाली. नट आणि भाषा बदलूनही ही रचना तगली, यावरून ती एका नटाच्या लकबीवर उभी नव्हती हे दिसते.

‘किक २’मध्ये कल्याणचा मुलगा रॉबिन नायक आहे आणि थराराच्या जागी त्याला ‘कम्फर्ट’, म्हणजे ऐसपैस सुख, हवे आहे. आईच्या पोटात जागा अपुरी वाटली म्हणून तो सातव्या महिन्यातच जन्मला, ही कल्पना गमतीची आहे खरी, पण तिच्यामुळे स्वभावाचे कारण आरंभीच सांगून संपते आणि पुढे उलगडण्यासारखे काही उरत नाही. त्याहून गंभीर दोष असा की, हेतू नायकाचा राहत नाही. जुलमी ठाकूरच्या जाचाने पिचलेले विलासपूरचे गावकरी त्याला तारणहार म्हणून हेरतात आणि त्याने गावात यावे यासाठी त्याच्या प्रेयसीला पळवून नेतात. कल्याण प्रसंग घडवत होता, रॉबिनला प्रसंगात ढकलावे लागते; आणि मध्यंतरानंतर गावाचे दुःख पडद्यावर आले की विनोदाला तिथे जागा उरत नाही, त्यामुळे हाणामारी आणि हशा आलटून पालटून येतात, एकमेकांतून जन्मत नाहीत. रवी तेजा यांचा उत्साह दोन्हीकडे सारखाच आहे, तरीही ही फट त्यांना बुजवता आलेली नाही.

मूळ घाट पुन्हा वापरणे हाच दोष आहे, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. ‘डीजे टिल्लू’ (२०२२) या गुन्हेगारी विनोदपटाचा सीक्वेल ‘टिल्लू स्क्वेअर’ (२०२४) मोहक तरुणी, मृतदेह आणि फसलेला बढाईखोर नायक हाच साचा उघडपणे पुन्हा मांडतो, तरी तो प्रेक्षकांनी उचलून धरला. टिल्लू साकारणाऱ्या सिद्धू जोन्नलगड्डा यांनी लेखनातही सहभागी होऊन टिल्लूची तेलंगणी बोली आणि संकटातही सुटणारी बडबड जशीच्या तशी राखली, आणि पुन्हा फसतो आहोत ही टिल्लूची स्वतःची जाणीव दुसऱ्या भागातल्या विनोदाचे नवे भांडवल ठरली.

मराठीत दुसरा भाग लिहू पाहणाऱ्या पटकथाकारांनी या दोन्ही जोड्या क्रमाने पाहाव्यात आणि नायकाविषयीची कोणती माहिती कोणाला, कोणत्या प्रसंगी मिळते याची नोंद स्वतःच्या हाताने करावी. ‘किक’ आणि ‘किक २’ यांमधले अंतर त्या नोंदींत पहिल्या काही प्रसंगांतच दिसू लागेल.